वेशीबाहेरचे भय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर मी जमिनीवर मांडी घालून बसलेला विद्यार्थी आहे. आज त्यांच्या नावाने मांडलेल्या या आसनावरून बोलताना संकोच वाटतो. गुरुजी मराठी शिकवीत. शब्द अडला की ते आधी कोश काढायला लावीत. आणि कोशातला अर्थ वाचून झाला की म्हणत, ‘आता हा शब्द कोण बोलतो ते पाहा.’ त्यांच्या या दुसऱ्या आज्ञेचे पालन मी आयुष्यभर पुरेसे केले नाही. आज थोडे करावे, असा मानस आहे.

विषय साथीचा आहे. मी वैद्य नव्हे. भाषेचा आणि वाङ्मयाचा अध्यापक आहे. तरीही हा विषय निवडला, कारण रोग शरीराला होतो आणि रोगाचे भय मात्र मनाला होते. मनातले भय शब्दांतूनच कळते. समाजाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला साथीच्या काळात कशाचे भय वाटते, आणि आपल्याला ते का कळत नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आरंभ माझ्या आजीपासून करतो. गेल्या शतकाच्या आरंभीचा बेळगावचा प्लेग तिने लहानपणी पाहिला होता. गाठीचा ताप आला की लोक घरे सोडून शेतात झोपड्या घालीत आणि उंदीर पडायचे थांबले की परतत, असे ती सांगे. पुढे १९१८ साली मानमोडी आली, तेव्हा ती दोन मुलांची आई होती. ती बोलायची ‘आम्ही शेतात राहिलो’, ‘आमच्या घरी दोघे गेले’ अशा भाषेत. एकदा मी तिला विचारले, ‘आणि वेशीबाहेरची माणसे कुठे गेली?’ तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘ती कुठे जाणार? ती बाहेरच होती की.’

त्या वेळी मला हे उत्तर चोख वाटले होते. आता ते आठवले की झोप उडते. गावाला साथीत जिथे पळून जावे लागे, तिथे काही माणसे जन्मभर राहत होती. आणि म्हणून त्यांना पळण्याची गरज नाही, असे गावाने ठरवून टाकले होते.

पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा काढण्याची चाल आपल्या मुलखात होती. वाजतगाजत तो गाडा शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे लोटून द्यायचा. म्हणजे आमच्या गावची पीडा शेजारच्या गावाला. पण गावठाण आणि शीव यांच्या मधल्या वाटेवर कोणाची वस्ती असे? पोतराज कोण होई? मेलेले ढोर कोण ओढी, प्रेतासाठी लाकडे कोण फोडी, मर्तिकाचा सांगावा घेऊन परगावी कोण जाई? या सर्व प्रश्नांची उत्तरे आपल्याला ठाऊक आहेत. गाव ज्या वाटेने रोग बाहेर काढीत होते, त्या वाटेवरच काही माणसांना घर दिलेले होते. त्यांच्या भयाचा विचार या वाटेपासून सुरू झाला पाहिजे.

आता थोडा इतिहास. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. घरझडत्या, रुग्णाला बळाने रुग्णालयात नेणे, नातेवाइकांना छावणीत ठेवणे, अंथरूण-पांघरूण जाळणे हे सर्व सुरू झाले. सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या मुंबईतून काही महिन्यांत पावणेचार लाखांवर माणसे बाहेर पडली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात माणसे मारतात, त्यांच्या अंगातून ‘मोमियाई’ काढतात, अशा वार्ता पसरल्या होत्या.

या प्रसंगाचे वर्णन करताना ‘अज्ञानी जमाव’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. मीही वर्गात केला आहे. पण त्या कामगाराच्या जागी उभे राहून पाहू. त्याच्या चाळीतून चार माणसे नेली गेली आणि बहुधा त्यांतले एकही परत आले नाही. प्लेगच्या रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावत, ही वस्तुस्थिती होती. मृत्यू रोगाने आला की रुग्णालयाने, हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. त्याच्यापाशी होते ते एवढेच, की ‘नेलेला माणूस येत नाही.’ या अनुभवातून त्याने काढलेले अनुमान चुकीचे असेल. पण ते अनुभवावाचून काढलेले नव्हते. मोमियाईची वार्ता ही त्या अनुमानाला मिळालेली गोष्टीरूप भाषा होती. आपले शरीर दुसऱ्याच्या उपयोगासाठी पिळले जाते, हे ज्याला रोज बारा-तेरा तास गिरणीत प्रत्ययाला येत होते, त्याला ही गोष्ट अशक्य कशी वाटावी?

पुण्यातील १८९७ च्या घरझडत्या मराठी मनाने विसरलेल्या नाहीत. सोजिरांचे बूट स्वयंपाकघरात आणि देवघरात गेले, त्याचा संताप आपल्या वृत्तपत्रांत, चरित्रांत, नाटकांत नोंदला गेला. २२ जून १८९७ ची रँडची हत्या तर पाठ्यपुस्तकात आहे. पण त्याच दिवसांत ज्या झोपडीतली एकुलती एक वाकळ जाळली गेली, त्या झोपडीतल्या बाईने ती थंडी कशी काढली, हे आपल्या वाङ्मयात फारसे कोठे नाही. तिला देवघर विटाळल्याचे दुःख नव्हते. पांघरूण गेल्याचे होते. एकाच साथीत, एकाच शहरात, दोन घरांना वाटलेले भय वेगळे होते. त्यांतले एक लिहिले गेले, दुसरे राहून गेले.

ज्यांनी ते दुसरे भय ओळखले, अशी माणसेही होती. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याजवळ हडपसर भागात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्याआधी महिनाभर, फेब्रुवारीत, प्लेगनेच गेले. मला येथे त्यागाहून वेगळी गोष्ट दाखवायची आहे. त्या मुलाला कोणी ‘नेले’ नाही. त्याला पाठीवर ‘घेतले’. वस्तीतल्या आईला या दोन क्रियापदांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. सरकारी गाडीला पाहून दार लावून घेणारी आई त्या पाठीवर आपले मूल देते, याचा अर्थ तिला उपचार नको होते असा होत नाही. तिला विश्वास ठेवता येईल असा माणूस हवा होता.

मुंबईत हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९८ मध्ये आपल्या शेजारच्या हुबळीत हजारो लोकांनी ती घेतली. म्हणजे लोक लसीच्या विरुद्धच असतात, हा सिद्धांतही खरा नाही. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे एका बाटलीतील लस दूषित निघाली आणि १९ माणसे धनुर्वाताने मेली, तेव्हा भय वाढले. पण ते भय निराधार म्हणता येईल का? गरिबाचा संशय प्रत्येक वेळी खरा नसतो. तो दरवेळी खोटाही नसतो, हे लक्षात ठेवावे.

१९१८ च्या मानमोडीतील एक आकडा सांगतो. मुंबईच्या त्या काळच्या आरोग्यविषयक नोंदींत जातवार मृत्यूचे प्रमाण दिलेले आहे. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, इतर हिंदू १८.९, आणि ज्यांना त्या नोंदीत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे ते ६१.६. विषाणूला जात कळत नाही, हे वाक्य आपण २०२० साली शेकडो वेळा ऐकले. विषाणूला कळत नसेलही. पण खोली केवढी, पाणी किती, पोटात काय आणि डॉक्टर किती लांब, हे सर्व ज्या जातीने ठरते, ती जात विषाणूला आयती वाट करून देते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला आणि इतर वस्तीत १६ टक्के. शंभर वर्षांत औषधे बदलली. खोलीचे माप तेवढे बदलले नाही.

आता गुरुजींच्या दुसऱ्या आज्ञेकडे वळतो.

करोनाच्या काळात मराठीत पुष्कळ नवे शब्द आले. विलगीकरण, अलगीकरण, प्रतिबंधित क्षेत्र, सहव्याधी. हे शब्द कार्यालयात जन्मले आणि बहुतेक तेथेच राहिले. वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकरांच्या गल्ल्यांत, निपाणीच्या विडी कामगार बायांमध्ये मी दुसरीच भाषा ऐकली. तेथे म्हणत, ‘तो पॉझिटिव्ह निघाला.’ या ‘निघाला’कडे पाहा. मराठीत ताप ‘येतो’, खोकला ‘होतो’, देवी ‘येतात’. रोग पाहुण्यासारखा बाहेरून येतो आणि माणूस निर्दोष असतो. पण ‘निघाला’ कोण? चोर निघाला, लबाड निघाला, नाणे खोटे निघाले. जे लपले होते ते उघड झाले, असा त्या क्रियापदाचा भाव आहे. त्यापुढचे वाक्य असे, ‘मग त्याला नेलं, आणि गल्ली सील केली.’ नेणे पोलिसांचे, सील दुकानाला लागते. व्याकरणच सांगत होते, की या माणसांना करोना हा आजार वाटत नव्हता. तो त्यांना गुन्ह्याची नोंद वाटत होता. आणि गुन्ह्याची नोंद टाळण्याकडेच माणसाचा कल असणार. तपासणीला लोक येत नाहीत अशी तक्रार आपण करीत होतो. तपासणीतून औषध मिळणार नव्हते, मजुरी मात्र बुडणार होती आणि शेजारी पाणी भरू देणार नव्हते. हा हिशोब ज्याने मांडला, तो धोका ओळखत नव्हता, असे कसे म्हणावे? त्याने आपल्यापेक्षा अधिक धोके मोजले होते.

दुसरा शब्द ‘सामाजिक अंतर’. हा शब्द घडविणाऱ्याला त्यातली क्रूरता जाणवली नसावी. ज्यांच्या सावलीचेही अंतर मोजले गेले, त्यांच्यापुढे आपण तोच शब्द आरोग्याचा मंत्र म्हणून ठेवला. पुढे काहींनी ‘शारीरिक अंतर’ असा बदल सुचविला. पण तोवर भिंती रंगून झाल्या होत्या.

येथे माझ्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगितली नाही, तर आजवरचे सारे बोलणे दुसऱ्यांवर टीका एवढेच होईल.

आमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना आम्ही मार्च २०२० मध्ये ‘येऊ नका’ म्हणून सांगितले. पगार पोहोचवीत राहिलो आणि त्याचे आम्हांला समाधानही होते. टाळेबंदी सैल झाल्यावर त्या परत आल्या. आल्यावर चहा द्यायची पद्धत होती. त्या दिवशी त्यांच्यासाठी ओट्याच्या कडेला एक वेगळा कप काढून ठेवलेला होता. तो माझ्याच सूचनेवरून ठेवला होता. वर्तमानपत्रात वाचून, शास्त्र म्हणून. बाईंनी कपाकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, ‘चहा नको. मी घरून पिऊन आले.’ त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडे चहा घेतला नाही.

तो कप मी ओळखायला हवा होता. माझ्या लहानपणी आमच्या मागील दाराच्या कोनाड्यात एक कान तुटलेली कपबशी असे. ती कोणासाठी होती, हे सांगायला नको. आजीने ज्याला सोवळे म्हटले, त्याला मी शास्त्र म्हटले. बाईंना दिसला तो कोनाडाच. आणि शास्त्राच्या दृष्टीनेही मी चूक होतो. आमच्या घरी तो आजार नंतर आला तो आमच्याच एका नातलगाच्या लग्नातून, त्यांच्याकडून नव्हे. आमच्या दारावर चिठ्ठी चिकटवली गेली त्या चौदा दिवसांत आमचा कचरा उचलायला मात्र रोज माणूस येत होता. त्याच्या हातात धड हातमोजे नव्हते. तो मला घाबरत असेल, असा विचार त्या आधी माझ्या मनात आलाच नव्हता. धोका नेहमी खालून वर येतो, अशी माझी समजूत होती.

ही समजूत किती खोटी होती, ते त्या साथीच्या वाटेनेच दाखविले. तो रोग विमानाने आला. पारपत्र असलेल्यांनी आणला आणि शिधापत्रिका नसलेल्यांनी भोगला. २४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला, तेव्हा घोषणा आणि अंमल यांत चार तासांचे अंतर होते. हातावर पोट असलेल्यांनी रस्ता धरला. आपण म्हणालो, यांना धोका कळत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, करमाड येथे मध्य प्रदेशाकडे निघालेले १६ मजूर रुळांवर झोपले असता मालगाडीखाली गेले. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या सर्वांनी पाहिल्या. रोगाचे भय त्यांना नव्हते असे नाही. परक्या गावी, बंद खोलीत, उपाशी आणि बेवारस मरण्याचे भय त्याहून मोठे होते. पुढे २०२१ साली आपल्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा दाखला मागितला जाऊ लागला, तेव्हा गाडीवाल्याने तो भ्रमणध्वनीवर दाखविला. उसाच्या टोळीतल्या बाईने तो कोठून दाखवावा? मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लशीसाठी संगणकीय नोंदणी सक्तीची होती. ज्यांच्या हाती साधा फोन होता, त्यांना लस नको होती, असे आपण म्हणणार का?

मी वस्तीचा गौरव करायला उभा नाही. भगताकडे नेलेली मुले दगावलेली आहेत. लस घेतली की माणूस वांझ होतो, या अफवेने नुकसान केले आहे. माझ्या लहानपणी देवी टोचणारा माणूस आला, की आया मुलांना कणगीमागे लपवीत. त्यांतले एक मूल पुढे देवीच्या खुणा घेऊन माझ्या शेजारच्या पाटावर शिकले. पण देवीचा रोग या देशातून गेला. १९७५ मध्ये शेवटचा रुग्ण सापडला, १९७७ मध्ये देश मुक्त झाल्याचे जाहीर झाले. ते साधले, त्याला टोचणाऱ्यांच्या चिकाटीचे आणि वस्तीत जाऊन माणसे ओळखण्याचे श्रेय आहे. काही ठिकाणी बळजबरी झाली, तिची आठवणही लोकांनी ठेवली. अलीकडे आशा कार्यकर्त्यांनी तेच काम केले. वस्तीतलीच बाई दाराशी येऊन, वस्तीच्याच बोलीत, ‘मी घेतली, मला दोन दिवस अंग दुखलं, तुझी मजुरी बुडेल म्हणून शनिवारी ये,’ असे सांगे, तेव्हा दार उघडे. त्या एका वाक्यात आरोग्यशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे आणि आदर आहे. आमच्या भित्तिपत्रकांत यांतले पहिलेच होते, आणि तेही अवघड मराठीत.

मग करायचे काय? शासनाने काय करावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी शाळेपुरते बोलतो.

आपल्या या शाळेत विणकरांची, विडी कामगारांची, सफाई कामगारांची, बांधकामावरच्या मजुरांची मुले शिकतात. माजी विद्यार्थी संघाला माझी विनंती अशी, की या मुलांना त्यांच्या घरी २०२० आणि २०२१ मध्ये काय घडले ते लिहायला सांगावे. माग किती दिवस बंद होता, उसने कोणाकडून आणले, कोणाला नेले, कोण परतले, कोणी विचारपूस केली, कोणी कप वेगळा ठेवला. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. ते कागद शाळेच्या ग्रंथालयात ठेवावेत. माझ्या आजीच्या पिढीतील वेशीबाहेरच्या माणसांचे बोलणे कोणी लिहून घेतले नाही, म्हणून आज मला तर्क करावे लागतात. पुढच्या व्याख्यात्याला ते करावे लागू नयेत.

दुसरी विनंती शिक्षकांना. आरोग्याचे कोणतेही सूचनापत्रक शाळेत आले, की ते मुलांना घरच्या बोलीत, मग ती मराठी असो, कानडी असो, उर्दू असो, सांगायला लावा. आणि घरच्यांनी त्यावर काय प्रश्न विचारले, ते दुसऱ्या दिवशी ऐका. त्या प्रश्नांना अज्ञान म्हणू नका. पुढची साथ येईल तेव्हा तेच प्रश्न आपल्याला वाट दाखवतील.

आणि तिसरी गोष्ट मी स्वतःला सांगतो आहे. त्या बाई अजूनही आमच्याकडे येतात. मी त्यांची क्षमा मागितली नाही. कशी मागावी ते पुस्तकांत वाचून कळले नाही. मागच्या दिवाळीत त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला. स्टीलच्या पेल्यात, सगळ्यांना सारख्याच. मी तो प्यालो. त्यांच्याकडून आमच्या घरी चहा घेण्याची अपेक्षा करण्याचा अधिकार मला अजून मिळालेला नाही, हे मला कळते.